न सुकवलेला फोटो

वरोरला होडी पाण्यात गेली की बाई वलांडीला लागते. बांबूच्या उंच वलांडीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगायच्या आणि पुढचं काम वाऱ्यावर सोपवायचं. वारा पाणी पितो, ऊन उरलेलं पितं, आणि हातभर मासा बोटभर होऊन टोपलीत येतो. जमनाचं अर्धं आयुष्य ह्या टांगण्या-उतरवण्यात गेलं. सुकं कसं करायचं हे तिला कुणी विचारावं. पण घरातला एक फोटो आपण तसाच सुकवत आणलाय, हे तिला कधी उमगलं नव्हतं.

फोटो तिच्या नवऱ्याचा. त्यांची मुलगी हर्षदा आठ वर्षांची असताना वादळात ‘जलदेवी’ होडी परत आली नाही, त्यात हर्षदाचे बाबाही आले नाहीत. मागे एकच फोटो राहिला. त्याच मोसमाच्या पहिल्या दिवशी, होडी पाण्यात लोटताना, त्यांच्या खलाशानं, तलासरीकडच्या भीमानं, आपल्या नव्याकोऱ्या फोनवर काढलेला आणि तिथूनच व्हॉट्सअॅपवर धाडलेला. वादळाच्या फेरीला भीमा होडीवर नव्हता.

फोटो म्हणे चांगला लांबरुंद होता. होडी, जाळी, माणसं, सगळं होतं. पण जमनाला होडी कशाला हवी होती? तिला चेहरा हवा होता. नारळी पुनवेला नारळ सोडून आली की ती दार लोटून बसायची, दोन बोटांनी फोटो ताणून चेहरा जवळ ओढायची आणि जवळ आला तसाच पडद्याचा फोटो घेऊन ठेवायची. जुना पुसून टाकायची, कारण फोन भरला की हर्षदा कावायची. पुढच्या पुनवेला पुन्हा ताणायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा आधीचा पुसायचा. एका वर्षी नणंदेनं, सुषमानं, त्याला झेंडूची चौकट आणि पेटती समई लावून सगळ्यांना पाठवला. जमनाला तो आवडला म्हणून तिनं तोच ठेवला, मग झेंडू नको झाला म्हणून कापला. एक पाकळी मात्र कानाशी चिकटून राहिली ती राहिलीच.

असं करता करता चेहरा पडदाभर झाला आणि दिसेनासा झाला.

जमनाचा ह्याबद्दल एक समज होता. तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. होडी किनारा सोडते तेव्हा आधी माणसं दिसतात, मग नुसतं शीड, मग ठिपका, मग ठिपका होता असं डोळ्यांनाच वाटत राहतं. तिला वाटायचं, तिचा माणूस तसाच लांब चाललाय. फोटोतूनही चाललाय. आपल्या हातात काय आहे? दर्या ओढतो त्याला कोण धरणार?

आणि आता हर्षदाचं लग्न ठरलं होतं, चिखले गावच्या मुलाशी. शनिवारी हळद.

त्यांच्या घरात हळदीची एक रीत होती. मांडवात पाट मांडायचा, त्यावर गेलेल्या माणसाला बसवायचं, म्हणजे त्याचा फोटो ठेवायचा, आणि हळदीचं पहिलं बोट त्याला. त्यानं घेतली की मग पोरीला. सुषमानं पाट घासूनपुसून ठेवला, फोनमधला फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, ह्याला डोळे कुठायत? डोळे नाय त्याला आवतण कसं दिसायचं?”

“तूच झेंडू लावलेलास ना?”

“झेंडू लावला, डोळे नाय काढले!”

हर्षदा तिथंच बसून मेंदीचं पान निवडत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, “आये, मला त्यांचा आवाज आठवतो. बिडीचा वासपण आठवतो. चेहरा आठवायला गेले की हाच फोटो येतो. असाच, धूर झालेला.”

जमनाला वाटलं, आपण एकट्याच त्याला लांब जाताना बघत होतो असं नाही तर. पोरीच्या डोळ्यांतूनही तो गेला होता.

तलासरीच्या बाजाराला सुकं घेऊन जाताना ती चारोटी नाक्यावर जीपमधून उतरली. तिथं दक्षाबेनचं दुकान. फोटो, फ्लेक्स, लॅमिनेशन. वाढदिवसाचे बॅनर नि पतपेढीच्या पाट्या तिथूनच निघत.

“जमनाबेन, टोपली बाहेर हं! माझा एसी तुमच्या बोंबलाचा वास आठवडाभर घुमवतो.”

“वास फुकट हाय, घे. पैसे माशाचे.” जमना टोपली पायरीवर ठेवून आत आली आणि फोन पुढे केला. “हा मोठा करून दे. पाटावर बसेल एवढा. शनिवारी हळद हाय पोरीची.”

दक्षानं फोटो संगणकावर घेतला. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो आला. चेहरा नव्हताच. चौकोन होते. अंगणात फरश्या बसवाव्यात तसे मातकट, तपकिरी, करडे चौकोन, आणि कानाशी एक नारिंगी डाग.

“हे मोठं केलं तर चौकोनच मोठे होणार, बेन. ह्यात माणूस उरला नाय.” मग जमनाचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, “थांबा, हल्ली एक नवीन आलंय. ते स्वतःच चेहरा भरून देतं. बघू.”

तिनं कसलीशी बटणं दाबली. एक निळी पट्टी सरकत सरकत भरली आणि पडद्यावर एक पुरुष आला. नाक तरतरीत, गाल तुकतुकीत, डोळे पाणीदार, भुवया कोरलेल्या. जमनानं पदर सावरला, जसा परक्यासमोर सावरतात.

“हा कोण?”

“तुमचे मिस्टर. म्हणजे, मशीनला वाटलं तसे.”

“असंल कुणाचा तरी नवरा. माझा नाय.” जमना मागे सरकली. “ह्याच्या तोंडाला कधी वारा लागलेला दिसत नाय. माझ्या पोरीच्या हळदीला परका माणूस पाटावर बसवू? पुस त्याला.”

दक्षानं पुसला. मग तिनं विचारलं, “मूळ फोटो काढलेला कुणी?”

“भीमानं. त्यानंच धाडला.”

“धाडला तो पिळून आला. व्हॉट्सअॅप सगळं पिळून पाठवतं, हलकं करायला. फोटो असा साठवतात की बारीकसारीक टाकून द्यायचं, आणि दिसायला तसाच राहील एवढंच ठेवायचं. एकदा टाकलं तर कळतपण नाय. पण तुम्ही त्याचा फोटो घेतला, परत पिळला. परत घेतला, परत पिळला. टाकलेलं परत येत नाय, बेन. मोठा केला की फुगतो, भरत नाय.”

जमना पायरीवरच्या टोपलीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “सुका बोंबील पाण्यात घातला की फुगतो. ओला होत नाय.”

“हां! तेच!” दक्षा खुर्चीतच वळली. “एवढं सोपं करून मला पण सांगता आलं नसतं.”

“आणि मी सुकलेला परत परत सुकवला.”

जमनाच्या मनात काहीतरी सरकलं. म्हणजे तो लांब जात नव्हता. दर्या त्याला ओढत नव्हता. ओढत होती ती आपली दोन बोटं, मायेनं. वाईट वाटावं की हायसं वाटावं, हे तिला कळेना.

“पण भीमाच्या फोनमध्ये तो ओला असेल,” दक्षा म्हणाली. “काढला तसा. फोन आहे का त्याचा?”

भीमाचा नंबर लागला. तो आता उंबरगावला कंपनीत होता आणि मागं यंत्रांचा गोंगाट होता. “तो फोन कवाच पाण्यात पडून मेला, जमनाबाय. पण त्यातलं कार्ड काढून ठेवलेलं. कार्ड मालूच्या डब्यात हाय.”

“कसल्या डब्यात?”

“गाण्याच्या!”

बाजार आटोपून, उरलेलं सुकं घेऊन, जमना तलासरीच्या बाहेरच्या त्यांच्या पाड्यावर गेली. भीमाची बायको मालू ही धवलेरी. पाड्यावर लग्न असलं की देवाला बोलावणारी गाणी तिनंच म्हणायची, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. आता वयानं तिचा गळा बसला होता. म्हणून भीमानं तिची गाणी भरून दिली होती त्या जुन्या कार्डात, आणि कार्ड घातलं होतं एका लाल डब्यासारख्या स्पीकरमध्ये. गळा दमला की मालू डब्याचं बटण दाबे, आणि डब्यातून तरणी मालू गाऊ लागे.

आताही ओसरीवर डबा गातच होता.

पयली हळद गो, सूर्यादेवाला,
दुसरी हळद गो, दर्यादेवाला,
तिसरी हळद गो, नाय दिसं त्याला,
त्याच्या हाताची, मग नवरीला…

जमना उंबऱ्याशीच थबकली. इतकी वर्षं हा डबा लग्नालग्नांतून फिरला. मांडवात गायला, जीपच्या टपावर गायला, पावसात पोत्याखाली गायला. आणि गाणी म्हणताना त्याच्या पोटात, गाण्यांच्या शेजारी, तिचा माणूस बसलेला होता. डब्याला फक्त गाणी कळत होती. फोटो त्याला दिसतच नव्हता, म्हणून त्यानं त्याला हातही लावला नव्हता.

“कार्ड दे, मालू. उद्या आणून देते.”

मालूनं डबा पोटाशी धरला. “नाय गो बाय. माझा गळा हाय त्यात. गळा का कोण उसना देतंय?”

“मग काय करू?”

“गळा जाईल तिथं मी येईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चारोटीच्या दुकानात दोघी उतरल्या. मालूनं कार्ड पदराच्या गाठीत बांधलं होतं, आणि गाठ मुठीत धरली होती. दक्षानं हात पुढे केला तेव्हा तिनं आधी बजावलं, “माझं एक गाणं जरी सांडलं, तर तुझ्या दुकानात बसून जन्मभर रडीन.”

“रडायचं तर बाहेर, मावशी. आत फ्लेक्स सुकतायत.” दक्षा हसली. “घाबरू नका. मुळाला मी हात लावतच नाय. आधी सगळ्याची नक्कल काढायची, काय कापायचं-जोडायचं ते नकलेवर. मूळ आहे तसं बाजूला.”

मालूला हे पटलं. “बरोबर हाय. मी पण गाणं आयशीच्या तोंडून घेतलं. शेजारणीनं आयशीकडनं घेतलेलं, मी शेजारणीकडनं घेतलेलं, असं नाय केलं. शेजारीण मधलीच कडी गाळते.”

नक्कल निघाली. दक्षानं गाण्यांच्या रांगा खाली सरकवल्या आणि तळाशी एक नुसत्या आकड्यांचं नाव सापडलं. तिनं ते दोनदा दाबलं.

पडदा उजळला.

आधी समुद्र आला, सकाळचा, कासवाच्या पाठीसारखा हिरवट. मग जलदेवीची नाळ, होडीचं पुढचं टोक, तिच्यावर हळदीकुंकवाचे ओघळ, झेंडूची माळ. मग जाळ्यांचा ढीग. आणि जाळ्यांपाशी, एक हात नाळेवर ठेवून, तो.

चेहरा नखाएवढाच होता. जमनाची बोटं सवयीनं पुढे गेली, काचेला टेकली, आणि तिनं ती चटकन मागे घेतली. भाजल्यासारखी.

“ओढा, ओढा,” दक्षा म्हणाली. “हा नाय फुटणार.” आणि तिनं माउसचं चाक फिरवलं.

चेहरा जवळ येऊ लागला. जवळ आला, तरी चेहराच राहिला. आणखी जवळ आला, आणि कमी व्हायच्या ऐवजी भरत गेला. भुवईत मिठाचे पांढरे कण. हनुवटीवर दाढी करताना लागलेली चीर, ताजी. खालच्या ओठावर बिडीनं पडलेला काळसर डाग. एका डोळ्याच्या कोपऱ्यात लाल रेघ, रात्रभर जागल्याची. जमनानं श्वास धरला. जवळ गेलं की माणूस विरतो, एवढंच तिला इतकी वर्षं ठाऊक होतं. जवळ जावं आणि माणूस वाढत जावा, हे ती विसरलीच होती. अगदी जिवंत माणसासारखं. जिवंत माणसाजवळ गेलं की असंच तर होतं.

“बाय बाय बाय,” मालू पुटपुटली. “हा तर माझ्या डब्यात झोपलेला!”

मग चित्र खाली आलं. सदऱ्यावरून सरकलं आणि दुसऱ्या गुंडीपाशी जमना ओरडली, “थांब!”

पांढऱ्या सदऱ्याची ती गुंडी हिरव्या दोऱ्यानं शिवलेली होती. जाडजूड, नायलॉनच्या, जाळ्याच्या दोऱ्यानं.

“मी शिवलीय,” जमना म्हणाली. “निघता निघता तुटली. घरात पांढरा दोरा नव्हता. मी म्हटलं, सदरा बदला. तर म्हणतात कसे, शिव जाळ्याच्याच दोऱ्यानं, दर्या ओळखील तरी मी कुणाचा ते.” तिला हसू आलं, आणि हसता हसता नाकातून पाणी. “मी हे विसरले होते. मी विसरले होते गो, मालू. आणि हा घेऊन बसलाय!”

कुठल्याशा यंत्रातल्या नखाएवढ्या काळ्या पत्र्यात, तिचा स्वतःचा टाका शिल्लक होता. तिच्या मनानं तो गाळला होता. पत्र्यानं नव्हता गाळला.

थोडं शांत झाल्यावर दक्षानं विचारलं, “बघतायत कुठं हे? कॅमेऱ्याकडे नाय.”

जमनानं सांगितलं, समुद्राकडे. गावात सगळे तसंच म्हणत. शेवटच्या फोटोतसुद्धा दर्याकडेच बघत होता बिचारा. जमनाच्या कापलेल्या तुकड्यात नजर एका बाजूला जायची आणि तुकड्याच्या कडेला संपायची. पुढे काय होतं ते कापलं गेलं होतं.

“पण समुद्र तर ह्यांच्या पाठीला आहे,” दक्षा म्हणाली, आणि तिनं फोटो नजरेच्या बाजूनं सरकवला. ओली वाळू. एक उलटं पिंप. वलांडीचा पाय. आणि अगदी कडेला, फोटो संपता संपता, एक बाई. डोक्यावर टोपली, एका हातात विसरलेला जेवणाचा डबा, उंच धरलेला. तिच्या लुगड्याला बिलगून, शाळेच्या गणवेशात, एका पायात चप्पल असलेली पोर.

बाहेर हायवेवरून ट्रक गेला, काच थरथरली.

चेहऱ्याच्या जवळ जायचं म्हणून जमनानं पहिल्याच पुनवेला जे कापून टाकलं होतं, ते हे होतं. ती स्वतः. आणि पोर. तो त्यांच्याकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे बघण्यासाठी स्वतःलाच पुसत आली होती.

“असाच काढते, अख्खा,” दक्षा डोळे पुसत म्हणाली. “केवढा सुंदर फोटो आहे.”

“नको.” जमनाचा आवाज बदलला. “पाटावर गेलेल्याच्या शेजारी जित्या माणसाचा फोटो चालत नाय. अपशकुन. त्यात माझी पोर नवरी.”

“मग परत कापू?”

जमना पडद्याकडे बघत राहिली. कापायचं, तर त्याची नजर पुन्हा हवेत लटकणार. न कापावं, तर सुषमा पाटच उचलणार. शेवटी ती म्हणाली, “काप. पण मुळाला हात लावू नको.”

“मूळ हलत नाय, बेन. मी सांगितलं ना.”

दक्षानं नकलेतून त्याच्यापुरता फोटो घेतला, कमीत कमी पिळून, एकदाच साठवून, आणि जाड चकचकीत कागदावर छापला. मग हर्षदाच्या फोनसाठी अख्ख्याचीच एक लहान नक्कल केली. आणि तिथं एक गंमत झाली. फोटो लहान होताच जाळ्यांच्या ढिगावर लाटा उमटल्या. हिरव्या जाळीवर गोल गोल, संथ, भरतीच्या लाटा. मूळ फोटोत त्या नव्हत्या.

“अरे, हे असं होतं बारीक जाळीला,” दक्षा पुटपुटली. “लहान चौकोनांत तेवढे दोरे मावत नाय, मग ते एकमेकांवर पडून खोट्या लाटा काढतात. थांबा, आधी जरा मऊ करून मग लहान करते. जातील.”

“राहू दे,” मालू म्हणाली. “जाळ्याला दर्या आठवलाय. राहू दे की गो.”

पण जमनानं डोकं हलवलं. “नाय. होतं तसंच पायजे.” आणि दक्षानं लाटा घालवल्या. “पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, हं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग कुणी पिळत नाय,” एवढं सांगून तिनं कार्ड मालूच्या हातात ठेवलं. मालूनं तिथंच डब्यात घालून बटण दाबलं आणि सगळी गाणी जागच्या जागी आहेत ह्याची खात्री करूनच ती उठली. दक्षाच्या एसीत मग बोंबलाचा वास आणि हळदीचं गाणं एकत्र घुमत राहिलं.

शनिवारी मांडवात पाट आला. सुषमानं फोटो दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांजवळ नेला. एवढंच म्हणाली, “दादा, दाढी करताना कापून घ्यायची सवय काय गेली नाय तुझी.”

पाट देवाच्या बाजूला, तोंड मांडवाच्या दाराकडे, असा मांडायची पद्धत. सुषमानं तसा मांडला. जमनानं येऊन तो थोडा फिरवला. नजर जिथं पडते तिथं, बरोबर समोर, हर्षदाचा चौरंग येईल असा. कुणी विचारलं, का गो? तर म्हणाली, उजेड बरा पडतो.

मग ती मागे सरली, मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी. हळदीला तिनं तिथं उभं राहायचं होतं, पुढे यायचं नव्हतं. तीही रीतच.

हळद आली. सुवासिनींनी पहिलं बोट फोटोला लावलं, गालावर, मिठाच्या कणांच्या खाली. हर्षदा चौरंगावर बसली आणि तिनं वर बघितलं. बाबा तिच्याकडे बघत होते. तिचे हात मांडीवरच राहिले. फोनवर अख्खा फोटो तिनं सकाळपासून इतक्यांदा उघडला होता, एका पायातली चप्पल हसून सगळ्यांना दाखवली होती. पण असं, समोरासमोर, ती पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत बसली होती. बायकांची गाणी चालू होती आणि ती बघत होती, नुसती बघत होती. धूर नव्हता.

मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. तिनं मान वळवली, खांबाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

“आये, तू ह्यात नाहीस.”

“मी हाय की इथं.”

“तिथं त्यांची नजर पोचत नाय. फोटोत तू माझ्या मागे होतीस. हातात डबा घेऊन.”

आणि हळदीनं माखल्या पायांनीच ती उठली. बायका ओरडल्या, अगो नवरी उठू नये! पण ती पाटाशी गेली, वाकली आणि बाबांना एक तसूभर फिरवलं. परत येऊन बसताना तिनं आपला चौरंगही तेवढाच सरकवला.

आता नजर चौरंगावरून निघत होती, पोरीच्या खांद्यावरून जात होती, आणि थेट शेवटच्या खांबाला लागत होती. जमनानं पदर कपाळावर ओढला. हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. मग तिनं शेजारची हळदीची रिकामी वाटी उचलली आणि ती उंच धरली, डबा धरावा तशी.